राक्षसाच्या विद्या आणि वीस पैलूंचा फासा

चातुर्मासातील एका रविवारी दुपारी मुलुंड पश्चिमेतील एका घरात पाच मुले जेवणाच्या टेबलाभोवती बसली होती. घर मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील ओसवाल कुटुंबाचे. तीन पिढ्या स्टीलच्या भांड्यांचा व्यापार. टेबलावर निरनिराळ्या आकारांचे फासे, पेन्सिली, खोडरबरे, प्रत्येकासमोर एक छापील तक्ता आणि मध्यभागी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ. अकरावीत शिकणाऱ्या नातवाने तो ज्या पानावर उघडला होता, तेथे उंची वस्त्रे ल्यालेली, वाघाच्या तोंडाची एक आकृती होती. तिच्या हातांचे तळवे उलटे होते.

सरबताचे पेले ठेवायला आलेल्या दादीजी थबकल्या.

“हे कोण?”

“राक्षस, दादीजी. इंग्रजीतसुद्धा त्याचं नाव राक्षसच आहे.”

“म्हणजे रावणाच्या वंशातला?”

“असेल.”

“मग याला वाघाचं तोंड कुठून आलं?”

नातवापाशी उत्तर नव्हते. तो हसला, मित्रही हसले, आणि डाव पुढे सुरू झाला. परंतु दादीजी पेले ठेवून परत गेल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या तेथेच बसल्या.

ज्या वाचकांच्या घरी हा खेळ अजून पोहोचलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. याला ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात. यात पट असतोच असे नाही. एक खेळाडू सूत्रधार होतो; बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे यशापयशाची शंका असते तेथे वीस पैलूंचा फासा टाकला जातो. फाशावरील आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा; बेरीज ठरलेल्या मर्यादेइतकी किंवा तिच्याहून अधिक झाली की कार्य सिद्ध. एक डाव चार तास चालतो आणि एक कथा वर्षभरही चालू शकते. या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला. अलीकडे अंधेरी-वर्सोव्याकडे तासांच्या हिशेबाने खेळ खेळू देणारे कॅफे निघाले आहेत, आणि बोरिवली-घाटकोपरच्या सोसायट्यांतूनही सुटीच्या दिवशी मुले मोबाइल बाजूला ठेवून असे फासे घेऊन बसलेली दिसतात. मोबाइल बाजूला ठेवून, एवढ्याच गोष्टीवर अनेक पालक समाधान मानतात आणि पुढची चौकशी करीत नाहीत. ती करायला हवी, असे या दादीजींचे मत पडले.

आता त्या वाघाच्या तोंडाचा इतिहास. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यातील राक्षस समोरच्या माणसाला त्याच्या विश्वासातील व्यक्तीच्या रूपात दिसतो, आणि मंत्रविलेल्या बाणानेच मरतो. वर्षभराने, १९७५ च्या डिसेंबरात, या खेळाच्या प्रकाशकांच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात राक्षस नावाचा प्राणी अवतरला. त्याच्या अंगी परक्याच्या मनातले ओळखून त्याला आवडेल असे रूप दाखविण्याची शक्ती होती, आणि मंत्रविलेल्या बाणापुढे तो हतबल होत असे. दोहोंतील साम्य लपत नाही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने त्याला वाघाचे शीर दिले, अंगात झगा घातला आणि हाती धूम्रपानाची नळी दिली. ते चित्र इतके गाजले की पुढील प्रत्येक आवृत्तीत राक्षस म्हणजे वाघ हेच समीकरण राहिले. वाल्मीकींच्या काव्यात पशुमुखी राक्षसांची वर्णने आहेत, हे खरे. परंतु तेथे वाघ हा अनेकांतील एक. येथे एका चित्राने साऱ्या कुळाचा चेहरा ठरवून टाकला.

चेहऱ्याचे सोडून देता येईल. विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती त्या चित्राखालच्या आकड्यांची. २०१४ च्या आवृत्तीत राक्षसाचे जीवनबल ११० आहे, आव्हानाची श्रेणी १३ आहे, आणि सहाव्या पातळीपर्यंतचा कोणताही मंत्र त्याच्या इच्छेवाचून त्याला लागू पडत नाही. सज्जन व्यक्तीच्या हातातील मंत्रसिद्ध टोकदार शस्त्र मात्र त्याला दुप्पट इजा करते. आणि सर्वांत वर, नावाखालच्याच ओळीत, त्याची वृत्ती नोंदलेली आहे : दुष्ट. त्याने काही करण्यापूर्वीच. व्यापारी भाषेत सांगायचे तर, खाते उघडताना पहिली नोंद नावे बाजूला आणि ती कधीही न फिटणारी.

पुराणातील एखादा प्राणी खेळात आणायचा म्हणजे त्याच्या सामर्थ्याचे नियमांत रूपांतर करायचे. हे काम वरवर यांत्रिक वाटते. उडतो, तर किती फूट? अदृश्य होतो, तर किती वेळ? पण नियम लिहिणाऱ्याला आकड्यांच्या आधी दोन प्रश्न सोडवावे लागतात : हे सामर्थ्य त्याला मिळाले कोठून, आणि ते कशाने जाते? पहिल्या प्रश्नाचे परकीय ग्रंथातील उत्तर ‘जन्माने’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘मेल्याने’. म्हणूनच त्या ग्रंथातील राक्षसापुढे खेळाडूंना मारण्यावाचून दुसरे काही करण्याजोगे फारसे उरत नाही.

त्या पाच मुलांत एक वेंगुर्ल्याकडचा होता. त्याच्या आजोळच्या गोष्टींतील भुते अशी सरसकट नव्हती. चकवा माणसाला मारीत नाही, ओळखीच्याच वाटेवर रात्रभर फिरवीत ठेवतो. मुंजा पिंपळाशी बांधलेला असतो. हडळीची पावले उलटी असतात, म्हणजे ओळखण्याची खूण जवळच असते. (चित्रातल्या राक्षसाचे उलटे तळवे पाहून त्याला पहिल्यांदा हीच आठवली.) आणि वेताळ तर भुतांचा राजा असूनही आरवलीसारख्या गावी ग्रामदेव म्हणून पुजला जातो, रात्री तो गावाची राखण करीत हिंडतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. प्रत्येकाला जागा, वेळ आणि अट आहे. नियम लिहिणाऱ्याला याहून सोयीचे साहित्य कोणते मिळणार? पण त्या ग्रंथाच्या शेकडो पानांत या मंडळींना जागा मिळालेली नाही.

दादीजींची बाजू निराळी होती. त्यांनी लहानपणी चातुर्मासाच्या व्याख्यानांत जैन रामायण ऐकले होते, आणि त्यांच्या दृष्टीने मुलांच्या ग्रंथात मुळात माणूसच चुकला होता.

वाचकांपैकी अनेकांना ही कथा ठाऊक असेल; तरी तिचा पाया पुन्हा पाहण्यासारखा आहे. विमलसूरींचे ‘पउमचरियं’ हे जैन परंपरेतील उपलब्ध रामकथांत सर्वांत प्राचीन काव्य. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वजच. त्या काव्याच्या आरंभी राजा श्रेणिक गौतमस्वामींना शंका विचारतो. राक्षस मांस-रक्तावर जगत, कुंभकर्ण सहा महिने झोपे आणि त्याच्या अंगावरून हत्ती नेले तरी जागा होत नसे, असल्या गोष्टी लोक सांगतात. आणि एवढ्या बलाढ्य राक्षसांना वानरांनी जिंकले असेही सांगतात. हे जुळते कसे? गौतमस्वामी या साऱ्याला कुकवींची असत्ये म्हणतात आणि मग खरी कथा सांगू लागतात. त्या कथेत राक्षस हे विद्याधर मानवांचे एक कुळ आहे. त्या कुळाचा मूळपुरुष मेघवाहन. त्याला राक्षसद्वीपावरील लंका मिळाली, म्हणून कुळाला राक्षस हे नाव. वानर हेही विद्याधरच. त्यांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह होते इतकेच. (आठ प्रकारच्या व्यंतर देवांतही राक्षस हा एक प्रकार आहे, मेघवाहनाला लंका देणारा भीम त्या प्रकारातला. दोहोंची गल्लत होऊ नये.) आणि दहा तोंडे? बाळ दशाननाने वंशपरंपरेने आलेला हार खेळता खेळता गळ्यात घातला, त्याच्या नऊ रत्नांत त्याचे मुख प्रतिबिंबित झाले, आणि एकाची दहा मुखे दिसली.

म्हणजे रावण हा मनुष्य. मग त्याचे सामर्थ्य आले कोठून? आचार्य हेमचंद्रसूरींनी बाराव्या शतकात ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त याचे उत्तर जमाखर्चाच्या काटेकोरपणे दिले आहे. तिघे भाऊ वनात साधनेस बसले. यक्षाने नाना भये दाखवून त्यांची परीक्षा घेतली. रावण अविचल राहिला आणि त्याला एक हजार विद्या सिद्ध झाल्या. कुंभकर्णाला पाच, बिभीषणाला चार. कोणाचेही सामर्थ्य जन्माबरोबर आलेले नाही. ते कमावलेले आहे.

येथे नातू सावरून बसला. त्याच्या खेळातही हा भेद होता. ‘सॉर्सरर’ नावाच्या पात्राला मंत्रशक्ती उपजत असते. ‘विझर्ड’ मात्र ती अभ्यासाने, वहीत उतरवून घेऊन मिळवतो. “म्हणजे रावण विझर्ड आहे!” असे तो उद्गारला. दादीजींना विझर्ड कळला नाही, पण भेद त्यांना चांगलाच कळत होता. अवधिज्ञानाच्या संदर्भात तो प्रत्येक पाठशाळेत शिकवला जातो. देव आणि नारकी यांना ते भवप्रत्यय, जन्मानेच लाभलेले. मनुष्य आणि तिर्यंच यांना मात्र गुणाने, क्षयोपशमाने मिळते. आणि मिळाले तरी त्याच्या सहा तऱ्हा. जागा बदलली तरी सोबत येणारे, जागा सोडताच मागे राहणारे, वाढत जाणारे, घटत जाणारे, स्थिर राहणारे, आणि कमीजास्त होत राहणारे. एका मुलाने हे सहाही प्रकार तक्त्याच्या मागे उतरवून घेतले. त्याच्या मते, कोणत्याही शक्तीला लावता येतील अशा या सहा तयार अटी होत्या, आणि अशा तयार अटी त्याला कोणत्याही नियमपुस्तकात सापडल्या नव्हत्या.

मग दुसरा प्रश्न : सामर्थ्य जाते कशाने?

याचे उत्तर देण्यासाठी दादीजी रावणापासून फार मागे, ऋषभदेवांच्या काळात गेल्या. नमी आणि विनमी हे दोघे राज्याचा वाटा मागत मौनस्थ भगवंतांच्या मागे फिरत होते. नागराज धरणेंद्राने त्यांची निष्ठा पाहून त्यांना अठ्ठेचाळीस हजार विद्या दिल्या आणि वैताढ्य पर्वतावर दक्षिणेला पन्नास व उत्तरेला साठ नगरांचे राज्य दिले. विद्याधरांची सुरुवात ती. परंतु विद्या देताना धरणेंद्राने मर्यादाही घातली. जो विद्याधर उन्मत्त होऊन जिनेश्वरांचा, जिनमंदिरांचा, त्याच भवात मोक्षास जाणाऱ्यांचा किंवा ध्यानस्थ साधूंचा अवमान करील, त्याला त्याच्या विद्या सोडून जातील. जो पतीसह स्त्रीची हत्या करील किंवा स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा उपभोग घेईल, त्यालाही त्या तत्काळ सोडून जातील. हे त्याने मोठ्याने वाचून दाखविले आणि रत्नांच्या भिंतींवर कोरवून ठेवले.

टेबलाभोवती काही क्षण कोणी बोलले नाही. फाशांचा खेळ खेळणाऱ्यांना नियमपुस्तकाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही, आणि येथे तर ते भिंतीवर कोरलेले होते : शक्ती कोणी दिली, कोणाला दिली, किती दिल्या, आणि कोणत्या कृत्याने त्या परत जातील. बँकेच्या कर्जखात्यावरही रक्कम आणि अटी एकाच कागदावर असतात. अटी दुसऱ्या कागदावर गेल्या की वाद सुरू होतात.

पुढचे दोन तास मूळ डाव बाजूला राहिला आणि रावणाचा तक्ता लिहिण्याचे काम चालले. ते कसे झाले ते सांगणे मनोरंजक आहे, कारण प्रत्येक रकाना भरताना वाद झाला.

एक हजार विद्या कागदावर मावणार नाहीत, हे पहिले संकट. त्यावर तोडगा निघाला तो हाराच्या मदतीने : रावणाने रोज पहाटे दहा विद्या निवडाव्या, मुखागणिक एक, दिवसभर त्याच चालतील. हार स्वतः कोणतीही इजा करीत नाही, परंतु तो प्रथमच पाहणाऱ्याने फासा टाकून मन स्थिर ठेवावे, नाहीतर पहिला वार त्याला करता येणार नाही. पुष्पक विमानाला गती अमर्याद. मात्र खाली ध्यानस्थ मुनी असल्यास ते जागीच थांबेल. हे अष्टापदावरच्या प्रसंगावरून. तेथे वाली मुनींच्या माथ्यावर विमान अडले, संतापलेल्या दशाननाने हजार विद्यांचे बळ लावून पर्वतच उचलला, आणि मुनींनी पायाच्या अंगठ्याने किंचित दाबताच तो असा आक्रंदला की त्याचे नाव रावण पडले. “मुनींची आव्हान-श्रेणी किती?” एकाने विचारले. त्यावर बराच खल झाला आणि शेवटी असे ठरले की मुनींचा तक्ता करायचाच नाही, कारण ते डावात कोणाशी स्पर्धा करीत नाहीत. योग्यच निर्णय म्हणायचा.

चक्राचा नियम सर्वांना सर्वाधिक आवडला. प्रतिवासुदेवाचे चक्र वासुदेवावर सोडले तर ते त्याला प्रदक्षिणा घालून त्याच्याच हातात विसावते, आणि मग परत येते ते प्रतिवासुदेवाचा अंत करण्यासाठी. जैन कथेत रावणाला राम मारीत नाहीत. लक्ष्मण मारतो, तेही रावणाच्याच चक्राने. थोडक्यात, या पात्राचे सर्वांत मोठे शस्त्र एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्यापुढे त्याचेच मरण ठरते, आणि तो ते वापरील की नाही हे त्याच्या अहंकारावर अवलंबून राहते.

खरा वाद झाला तो व्रतावरून. मुनी अनंतवीर्यांच्या समोर रावणाने व्रत घेतले होते : जी स्त्री आपली इच्छा करणार नाही, तिचा स्वीकार करणार नाही. छापील तक्त्यावर बलस्थानांचा एक रकाना होता आणि दौर्बल्यांचा एक. नातवाने व्रत दौर्बल्यांत लिहिले, कारण ते त्याच्या कृतींवर बंधन घालते. खेळाच्या दृष्टीने हे अगदी तर्कशुद्ध होते.

दादीजींनी ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, “बेटा, नियम घेतलेला दुबळेपणात लिहितात का? दादाजी रात्री जेवत नाहीत, हा त्यांचा दुबळेपणा आहे का?”

नातवाने खोडरबर उचलले. पण दुसऱ्या मुलाने मुद्दा सोडला नाही. सीतेचे हरण केले तरी रावणाच्या विद्या गेल्या कशा नाहीत? धरणेंद्राची मर्यादा त्याला लागू नव्हती का? बरीच उलटसुलट चर्चा होऊन मुलांनी असा निष्कर्ष काढला की हरण केले तरी बळजबरी केली नाही, म्हणून विद्या टिकल्या. म्हणजे त्या व्रतानेच त्याच्या हजार विद्या राखल्या. हा मुलांचा तर्क आहे, ग्रंथाचे वचन नव्हे. परंतु व्रत अखेर बलस्थानांच्या रकान्यात गेले, तेही सर्वांत वर.

वृत्तीच्या ओळीत काय लिहायचे? ‘दुष्ट’ कोणालाच मान्य होईना. जो पुढे तीर्थंकर होणार आहे, त्याच्या नावापुढे कायमची ती नोंद कशी करायची? तेव्हा एका मुलीने लेश्या सुचविल्या. जांभळाच्या झाडाखालच्या सहा भुकेल्या माणसांची गोष्ट तिने पाठशाळेत ऐकली होती : एक मुळासकट झाड तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, आणि असे करीत शेवटचा फक्त खाली पडलेली फळे वेचतो. कृष्ण, नील, कापोत, तेज, पद्म, शुक्ल अशी सहा घरांची पट्टी प्रत्येक पात्राच्या तक्त्यावर काढली गेली आणि तिच्यावर एक बटण ठेवले; कृतीप्रमाणे ते पुढेमागे सरकेल. ती शिवणाची बटणे दादीजींच्या डब्यातील होती.

प्रकाशकांनाही हा प्रश्न अलीकडे जाणवू लागला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२० मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने जाहीर केले की ऑर्क आणि ड्राउ या काल्पनिक जमाती यापुढे जन्मजात दुष्ट म्हणून रंगविल्या जाणार नाहीत. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या ग्रंथात कोलकात्यात जन्मलेल्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या भूमीवरून स्फुरलेला एक प्रदेश उभा केला. म्हणजे दार किलकिले झाले आहे. वाघमुख्या राक्षसाचा खुलासा मात्र त्या दारातून अद्याप आलेला नाही, आणि तो पश्चिमेकडून यावा अशी वाट पाहण्याचे कारणही नाही.

शिवाय आपल्याकडे हे काम नवे नाही. ज्ञानबाजी अथवा ज्ञानचौपड हा आपल्याच पूर्वजांचा खेळ. गुजरात-राजस्थानातील जैनांचा पट बहुधा चौऱ्याऐंशी घरांचा. तळाशी नरक, वर देवलोक, माथ्यावर सिद्धशिला. कर्माप्रमाणे शिडी किंवा साप. पर्युषणात घराघरांतून तो खेळला जाई. महाराष्ट्रातील मोक्षपट त्याच्याच नात्यातला. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली याच खेळावर प्रबंध लिहिला, आणि अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे संग्रहालयांतील असे पट तपासून त्यांवर लेख लिहिले. इंग्लंडमध्ये जाऊन त्या पटाची सापशिडी झाली तेव्हा घरांवरची नावे गळत गेली आणि उरला तो केवळ फाशाचा योगायोग. नाव गळले की नियमाचा अर्थ गळतो, आणि वाघाच्या तोंडाच्या राक्षसाच्या बाबतीतही काहीसे तसेच झाले.

सायंकाळी चारच्या सुमारास दादाजी दुकानातून आले. त्यांनी सर्व प्रकार ऐकून घेतला. त्यांचा आक्षेप थेट होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “समोरच्याला मारलं की तुमच्या खात्यावर गुण जमा होतात. बरोबर? मग तोंड वाघाचं असो की माणसाचं, चातुर्मासात घरात बसून तुम्ही दर रविवारी मारण्याचा सराव करता. कागदावर का होईना, मन तर तेच शिकतं.”

नातवाने सांगितले की नियमांत तसे बंधन नाही. शत्रूला जिवे न मारता निपचित पाडता येते; संकट बोलून, वाटाघाटीने टाळले तरी गुण देता येतात; आणि कित्येक सूत्रधार गुण मोजतच नाहीत, कथेचा टप्पा गाठला की सर्वांना बढती देतात. त्याने आणखी एक माहिती दिली, जी दादाजींना रुचली : १९७४ च्या मूळ खेळात गुण मुख्यतः सुखरूप परत आणलेल्या सुवर्णावर मिळत; एका नाण्यास एक गुण. राक्षसाला मारण्याचे गुण त्यामानाने किरकोळ. म्हणजे शहाणा खेळाडू लढाई टाळून माल घरी आणण्याकडे लक्ष देई.

“हे ठीक आहे,” दादाजी म्हणाले. “हा तरी धंदा आहे.” पण आक्षेप त्यांनी मागे घेतला नाही. ते आत जाऊन कपडे बदलून आले आणि दूरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. पान मात्र बराच वेळ उलटले नाही.

नवा डाव लावला गेला. प्रसंग लंकेतील शांतिनाथ मंदिराचा. युद्ध अर्ध्यावर आहे आणि रावण बहुरूपिणी विद्येच्या साधनेस बसला आहे. ती सिद्ध झाली तर रणांगणावर असंख्य रावण दिसतील. खेळाडूंचा पक्ष वानरांचा. विद्या सिद्ध होण्याआधी त्याला विचलित करावे की नाही? हेमचंद्रसूरींच्या कथेत रामांना विचारले तेव्हा ते ध्यानस्थावर हात टाकण्यास तयार झाले नाहीत. अंगद आणि त्याचे साथीदार मात्र गेले, त्यांनी नाना उपद्रव केले, मंदोदरीला केसांना धरून त्याच्यासमोर ओढले. रावण ढळला नाही. विद्या सिद्ध झाली.

वेंगुर्ल्याच्या मुलाकडे अंगदाची भूमिका होती. त्याने फासा उचलला आणि तो तसाच हातात धरून विचारले, “आपण मंदिरात शिरलो तर माझी लेश्या खाली येणार?”

“दोन घरं,” सूत्रधार नातू म्हणाला.

“आणि नाही शिरलो तर तो सिद्ध होणार, आणि आपली माणसं मरणार.”

“हो.”

“राम काय म्हणतात?”

“राम नको म्हणालेत. पण ते आत्ता इथे नाहीत.”

मुलीने सुचविले की उपद्रव न करता मंदोदरीकरवी रावणाशी बोलणे करावे. दुसरा म्हणाला, ध्यानात असलेल्याशी बोलणेही उपद्रवच. दादीजी काही बोलल्या नाहीत. वर्तमानपत्रामागून प्रश्न आला, “त्याच्या आजच्या दहांतल्या किती विद्या वापरून झाल्यात?” नातवाने तक्ता पाहून सांगितले, तीन. “मग सात शिल्लक आहेत,” दादाजी म्हणाले, “घाई करू नका.”

सूर्यास्ताला पाऊण तास उरला होता. चौविहाराची वेळ साधायची म्हणून दादीजी उठल्या आणि टेबल रिकामे करायला सांगितले. मुलांनी फासे डबीत भरले, तक्ते एकावर एक ठेवले. अंगदाच्या पट्टीवरील बटण तेज या घरावर होते. ते हलू नये म्हणून नातवाने त्यावर चिकटपट्टी लावली आणि सर्व कागद पुढच्या रविवारपर्यंत दादाजींच्या जुन्या खतावणीत ठेवून दिले.